राखणदाराला साखळीला बांधून मरू देऊ नका!
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकरी, मेंढपाळ आणि ग्रामपंचायतींना जाहीर आवाहन)

कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीत, थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे आणि त्यांच्या कुत्र्याचीही. लोक त्याला खंड्या म्हणतात. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याच्या नावे जहागिरीची सनद काढली आणि त्याला पालखीचा मान दिला. ही नुसती पारावरची कथा म्हणून सोडून देता येत नाही. इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला साताऱ्याचा कारभार पाहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात तिची नोंद केली आहे. साहेबाला हा राजाचा लहरीपणा वाटला. पालखी जास्त झाली असेल, हे मान्य. पण जीव राखणाऱ्याचं देणं लागतो, एवढं तरी त्या राजाला कळत होतं.

आपल्याकडचा हिशेब मात्र उलटा आहे. शिराळा, वाळवा, कराड, पाटण या भागांत उसाच्या आडोशाने बिबट्या वस्तीपर्यंत येतो. त्याच्यापासून शेळ्या-वासरं वाचावीत म्हणून आपण कुत्रं दारात साखळीने बांधतो आणि स्वतः दार लावून झोपतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने सुमारे ८७ टक्के भक्ष्य पाळीव प्राण्यांचं निघालं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा, ३९ टक्के, एकट्या कुत्र्यांचा होता. तिथलं रानही आपल्यासारखंच, उसाचं आणि बागायतीचं. म्हणजे उघड्यावर बांधलेलं कुत्रं बिबट्याला अडवत नाही, उलट दारापर्यंत बोलावून आणतं. मोकळं कुत्रं निदान पळेल, आडोसा धरेल. साखळीतल्याला दोन्ही वाटा बंद. मालकाला सोडून न जाण्याचा त्याचा स्वभाव तर आपण गृहीतच धरलेला असतो.

यावर पहिला सवाल ठरलेला: कुत्रं आत घेतलं तर राखण कोण करणार? कुत्र्याची राखण दातांपेक्षा नाकाकानांनी होते. जाळीच्या बंद खोपीतून किंवा गोठ्यातूनही त्याला चाहूल लागते, ते भुंकतं आणि माणूस जागा होतो. बिबट्याशी झुंजायची अपेक्षा त्याच्याकडून ठेवणं हा आपला आळस आहे. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर मेंढपाळाचं कुत्रं लांडग्यावर धावून जातं हे खरं. पण तिथे ते मोकळं असतं, जोडीला दुसरी कुत्री असतात आणि काठी घेऊन धनीही पाठीशी असतो. ऊसपट्ट्यातल्या एकट्या, बांधलेल्या कुत्र्याशी त्याची तुलना होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सांगली-मिरजेपासून खेड्यांपर्यंत लोक कुत्र्यांच्या चाव्यांनी हैराण असताना कुत्र्यांचा कैवार कशाला? ही तक्रार खोटी नाही. रेबीज एकदा अंगात भिनला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि माणसाला तो बहुतांशी कुत्र्याकडूनच होतो. पण म्हणूनच राखणीच्या कुत्र्याला लस हवी. मेंढरांमागे गावोगाव फिरणाऱ्या किंवा रानात कोल्ह्या-लांडग्यांशी गाठ पडणाऱ्या कुत्र्याला तर आधी हवी. नको झालेली पिल्लं बाजारात नाहीतर घाटात सोडून देणारेही आपणच. पुढे त्यांनाच आपण भटकी म्हणतो. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थांचं काम आहे. पाळलेल्याचं मात्र मालकाचंच.

तेव्हा विनंती अशी. आज दिवस मावळताना कुत्र्याची साखळी सोडून त्याला बंद गोठ्यात घ्या, किंवा जाळी आणि पत्र्याची खोप करून द्या. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचा, पुढे दरवर्षी टोचत राहा आणि पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्या. कुत्रं चावलंच तर जखमेवर हळद-चुना न लावता ती साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. ग्रामपंचायतींनी पशुवैद्यकीय दवाखान्याला सोबत घेऊन लसीकरणाचा दिवस ठरवावा. मेंढपाळांचे वाडे गावच्या शिवारात असतील तेव्हा त्यांनाही निरोप धाडावा. त्यांची कुत्री कोणत्याच गावच्या यादीत नसतात.