‘मित्राची गोष्ट’ : निवेदकाच्या नजरेपलीकडे

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी नाटकाच्या केंद्रस्थानी आणणारी ही आरंभीची महत्त्वाची कृती. तरीही तेंडुलकरांविषयीच्या चर्चेत ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘घाशीराम कोतवाल’ ही नावे आधी येतात आणि ‘मित्राची गोष्ट’ ‘वेगळ्या विषयाचे नाटक’ या एका शेऱ्यात संपते. प्रस्तुत लेखकाला हा शेरा अपुरा वाटतो.

मित्राची कहाणी आपल्याला सांगतो तो बापू. तिचे गुपित जाणणारा, तिला सावरू पाहणारा आणि शेवटी पाठ फिरवणारा हा मित्र. तेव्हा शीर्षकातील ‘मित्रा’ कोण? सुमित्रा, की स्वतःची सुटका शोधणारा बापू? समीक्षेने मित्राची ‘विकृती’ किंवा ‘शोकांतिका’ तपासली. बापूची साक्ष मात्र बहुधा विश्वासार्ह मानली.

येथे व्हिक्टोरियन इंग्लंडमधील ज्यू चित्रकार सिमिअन सॉलोमन आठवतो. समलिंगी संबंधाच्या आरोपावरून १८७३ साली त्याला अटक झाली आणि स्विनबर्नसारखे स्नेही दुरावले. १९०५ साली तो मरण पावला. पण मधल्या तीन दशकांत दारिद्र्यातही त्याने चित्रे काढली. ‘त्याचा अंत १८७३ सालीच झाला’ ही समजूत पाठ फिरवणाऱ्यांच्या सोयीची आहे. मित्राच्या मृत्यूकडेही याच सावधपणे पाहावयास हवे. मृत्यू अटळ होता असे मानले, की बापूला आणि आपल्यालाही उत्तरदायित्वातून सूट मिळते.

वर्ध्यासारख्या जिल्ह्यात नाटकाची ओळख पुष्कळदा संहितेतूनच होते. कागदावर बापूचा शब्द वरचढ ठरतो. रंगमंचावर मित्रा देहाने समोर उभी असते. म्हणून वर्गात हे नाटक भूमिका वाटून मोठ्याने वाचावे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. कायदा बदलला, वाचनाची सवय बदलणे आपल्या हाती आहे. वर्गात एखादी मित्रा मुकाट्याने बसलेली असू शकते, आणि तिच्या शेजारी बापूही.