*ट्रॉली ओढली जाते, पण थांबते का? दोन ट्रॉल्यांचा हट्ट सोडा*



आज भावाचा मेसेज नाही, फवारणीचाही नाही. चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर निघायला लागलाय आणि रस्ते पावसाने ओले आहेत. अशा दिवसांत आपल्या ट्रॅक्टरमागे काय जोडून आपण मार्केटला निघतो, त्यावर थोडं बोलायचं आहे. पाच मिनिटं काढून वाचा. घरात ट्रॅक्टर दुसरं कोणी चालवत असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

गेल्या काही दिवसांत आपल्या संकलन केंद्रावर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या यायला लागल्या आहेत. फाळक्यांवर जादा फळ्या लावून भरलेल्या एकेरी ट्रॉल्याही येतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ट्रॅक्टर पन्नास एचपीचा आहे, आरामात ओढतो." ओढतो, हे खरंच आहे. पण ट्रॅक्टरची ताकद आपण ओढण्यावरून मोजतो आणि जीव जातो तो थांबवताना. माझं म्हणणं एवढंच आहे.

*वजनाचा हिशेब करू*

45-50 एचपीच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण 2 टन. ट्रॉलीत 30 क्विंटल कांदा म्हणजे 3 टन. रिकाम्या ट्रॉलीचं वजन दीड टन धरा. म्हणजे मागे साडेचार टन, ट्रॅक्टरच्या दुपटीहून जास्त. दुसरी ट्रॉली जोडली की मागे 9 टन झाले.

आता ब्रेक कुठे आहेत? साध्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. नुसता ट्रॅक्टर थांबवायला जे ब्रेक आहेत, त्याच ब्रेकवर एका ट्रॉलीसह साडेसहा टन थांबवायचे. वजन तिपटीवर गेलं, म्हणून थांबायला अंतरही साधारण तिप्पट लागणार. दोन ट्रॉल्यांना त्याहून कितीतरी जास्त. त्यात वेग दुप्पट केला तर अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. ताशी 20 च्या वेगाला एका सेकंदात साडेपाच मीटर जातात. समोर मोटारसायकल आडवी आली आणि तुमचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर ब्रेक लागायच्या आधीच तेवढं अंतर संपलेलं असतं.

*उतारावर काय होतं*

राहुड घाटासारखा उतार राहू द्या, गावाजवळचा नाल्याचा उतार धरा. शंभर मीटरला सहा मीटर उतार असेल, तर साडेचार टनांची ट्रॉली मागून सुमारे 270 किलोच्या जोराने ट्रॅक्टरला सतत ढकलत असते. दोन ट्रॉल्या असल्या की 540 किलो. त्यात वळण आलं आणि तुम्ही जोरात ब्रेक दाबला, की ट्रॅक्टरची चाकं ओल्या डांबरावर घसरतात. ट्रॉली सरळ येत राहते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि दोन्ही कात्रीसारखे मिटतात. मधे ड्रायव्हर असतो.

हे ऐकीव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी पावसात मी स्वतः असाच एका वळणावर आडवा झालो होतो. ट्रॉली एकच होती, पण शिगोशीग भरलेली. पुतण्या मडगार्डवर बसलेला. कडेला मातीचा बांध होता म्हणून ट्रॅक्टर टेकला. तिथे बांधाऐवजी विहीर असती तर हा मेसेज लिहायला मी नसतो. त्या दिवशी मी एक खेप वाचवायला निघालो होतो.

*एका खेपेत वाचतं किती?*

मार्केट 25 किलोमीटर धरा, येऊन-जाऊन 50. डिझेल 10-12 लिटर, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. वर अर्धा दिवस जातो. आपल्यासाठी हजार रुपये कमी नाहीत, मला माहीत आहे. उद्या भाव उतरेल ही भीतीही खोटी नाही. कांद्याचं काही सांगता येत नाही.

पण दुसरी बाजूही मांडा. मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला दंड आहे 20,000 रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. जादा माल तिथेच उतरवावा लागतो तो वेगळाच. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा कागद बघते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. पॉलिसीत फक्त ट्रॅक्टर असेल आणि ट्रॉलीची नोंद नसेल, तर भांडण तिथूनच सुरू होतं. चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर विचारूच नका. एका खेपेच्या हजार रुपयांसाठी चाळ, ट्रॅक्टर आणि घरचा माणूस, सगळंच पणाला लावतोय आपण.

काही जण म्हणतील, ऊसवाले तर हंगामभर दोन ट्रॉल्या ओढतात, त्यांना कोण अडवतं? ओढतात, खरं आहे. दर हंगामात त्यांच्या अपघाताच्या बातम्याही आपणच वाचतो. दुसऱ्याचं निभावलं म्हणून आपलं निभावेल असं नसतं.

*मग करायचं काय?*

👉 *एकदा वजन करा.* रिकामी ट्रॉली आणि नेहमीसारखी भरलेली ट्रॉली, दोन्ही भुईकाट्यावर घाला. ट्रॉलीच्या आरसीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तिच्याशी ताडून बघा. कांदा कुठपर्यंत भरायचा त्याची खूण फाळक्याला आतून रंगाने करा. मग भरताना वाद राहत नाही.

👉 *एका ट्रॅक्टरमागे एकच ट्रॉली.* यात सूट नको, जवळच्या रस्त्यालाही नको.

👉 *माल भरताना तोल बघा.* दोन चाकी ट्रॉलीत वजन एक्सलच्या थोडं पुढे असावं. सगळा माल मागे गेला की ट्रॉलीचा दांडा हूक वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॉली डोलायला लागते. उलट पुढे फारच भार झाला तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग लागत नाही.

👉 *ट्रॉली हूकलाच जोडा.* टॉपलिंकच्या जागी साखळी बांधून कधीही ओढू नका. ओढ उंचावरून बसली की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि तो इतक्या झटक्यात उलटतो की उडी मारायला वेळ मिळत नाही. पिनेला लॉक हवं, सुतळी नको. सोबत एक मजबूत साखळी लावा, म्हणजे पिन निघाली तरी ट्रॉली मोकाट सुटणार नाही.

👉 *रस्त्यावर आल्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करा.* शेतात वळताना आपण ती वेगळी करतो आणि तशीच विसरतो. भरल्या ट्रॉलीसकट एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो.

👉 *उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्या.* ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं नाही, क्लच दाबून ठेवायचा नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनाची रोक सुटते, आणि मध्येच गिअर टाकायला गेलं तर पडेलच असं नाही.

👉 *मडगार्डवर आणि मालावर कोणी बसायचं नाही.* पोरांना हौस असते. नाही म्हणा.

👉 *मागे लाल, बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी लावा.* पहाटे निघता तेव्हा मागून येणाऱ्याला तुमची ट्रॉली दिसली पाहिजे. पट्टीवर चिखल असेल तर निघताना पुसा. टेललाइटची वायर जोडली का, तेही बघा.

नवी ट्रॉली घ्यायचा विचार असेल तर ब्रेकवाली घ्या आणि तिचा ब्रेक ट्रॅक्टरला जोडून घ्या. पैसे जास्त लागतील, पण रंगरंगोटी आणि टेपवर आपण जो खर्च करतो, तो आधी इथे करा.

*आता कंपनीबद्दलही बोलतो.* चूक फक्त ट्रॅक्टरवाल्याची नाही. आपल्या केंद्रावर टोकन उशिरा मिळतं, एकाच दिवशी सगळ्यांना बोलावलं जातं, म्हणून माणूस एका खेपेत सगळं आणायला बघतो. हे आपण बदललं पाहिजे. गटवार दिवस ठरवावेत, ज्याचा माल थोडा आहे त्याने शेजाऱ्याच्या ट्रॉलीत भागीने टाकावा, आणि दोन ट्रॉल्या जोडून आलेला ट्रॅक्टर केंद्रावर घेऊ नये, हा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. काहींना राग येईल. माझ्याही भावकीत दोघे-तिघे दोन ट्रॉल्यावाले आहेत, पहिली शिवी घरातूनच पडणार आहे. पडू दे.

तुमचं मत वेगळं असेल तर बैठकीला येऊन सांगा, ऐकून घेऊ. पण तोवर उद्या सकाळी निघताना एकदा ट्रॉलीमागे जाऊन उभे राहा आणि स्वतःलाच विचारा, समोर अचानक शाळेचं पोर आलं तर हे सगळं थांबेल का? उत्तर 'नाही' असेल तर चार पाट्या उतरवा, वेग कमी ठेवा, लागलीच तर दुसरी खेप करा. कांदा चाळीत एक दिवस थांबतो.

सांभाळून या.

– तुमच्यातलाच एक संचालक