वाडा पाहावा घेऊन

घर पाहावे बांधून नि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. लग्न मी करून पाहिले. त्याविषयी या सदरात अधूनमधून लिहीत असतो नि सौ. ते वाचीत असते. म्हणून आज त्याविषयी अधिक काही लिहीत नाही. घर मात्र मी कधी बांधले नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे हप्ते फेडून झाले, एवढाच काय तो माझा स्थावराशी संबंध. परंतु म्हण रचणाऱ्याला एक गोष्ट सुचली नव्हती. दुसऱ्या कुणी दीडशे वर्षांपूर्वी बांधलेले घर आपण विकत घ्यावे असे ज्याच्या मनात येते, त्याला घर बांधण्याची यातायात आणि लग्नाची जोखीम ही दोन्ही एकदमच पाहायला मिळतात.

झाले असे, की गेल्या माघात वडिलांचे एक जुने स्नेही भेटले. आम्ही त्यांना काका म्हणतो. पुण्याच्या शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला, रिक्षा वळेल न वळेल अशा बोळात त्यांचा एकचौकी वाडा आहे. मुले परदेशी, स्वतः ते कोथरूडला. म्हणाले, "तूच घे. तुझ्याकडून काही बिल्डरचा भाव घेणार नाही." बोळ इतका अरुंद, की उंच इमारतीला परवानगी मिळणे कठीण आणि म्हणून बिल्डर तिकडे फिरकतच नाहीत, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

वाडा पाहिला आणि मी कामातून गेलो. दिंडीतून वाकून आत शिरावे, तो समोर फरसबंद चौक. चारी बाजूंना ओसरी. घडीव तळखड्यांवर उभे केलेले सागवानी खांब, वर तुळया, तुळयांवर कड्या आणि त्यांवर फळ्या टाकून केलेला कडीपाट. भिंतीत कोनाडे, फडताळे. पूर्वी घर चौरस फुटांनी मोजीत नसत, खणांनी मोजीत. दोन खांबांमधले अंतर तो खण. सतरा खणांच्या त्या सावलीत उभा राहून मी मनातल्या मनात माझी पुस्तके लावूनसुद्धा टाकली.

घरी येऊन सौ.ला सांगितले. तिचे बालपण साताऱ्याच्या एका वाड्यात गेले आहे. तेव्हा ती हरखून जाईल अशी माझी खात्री होती. ती भाजी निवडीत होती. मान वर न करता तिने विचारले,

"संडास कुठे आहे?"

"चौकाच्या मागे आहे. पण खांब काय सुरेख आहेत!"

"अहो, वाडा म्हटला की तुम्हाला चौकातलं क्रिकेट आठवतं. मला पहाटे चारला नळाखाली लावलेल्या बादल्या आठवतात. बारा बिऱ्हाडांत एक नळ. रात्री पोटात दुखायला लागलं तर बॅटरी घेऊन, आईला उठवून, चौक ओलांडून जायचं. खांबांकडे बघायला सवड होती कुणाला?"

वाड्यांवर हळवे होऊन लिहिणारे आम्ही बहुतेक पुरुषच, ही गोष्ट वीस वर्षे मराठी शिकवूनही माझ्या लक्षात आली नव्हती.

तरी तिने नाही म्हटले नाही. तिचा मामेभाऊ इंजिनियर आहे. त्याला आम्ही वाडा दाखवला. त्याने माझ्या सुरेख खांबांच्या बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहिला. सागवान टणक निघाले. खांब मातीत न रोवता दगडी तळखड्यावर ठेवीत ते याचसाठी. ओल चढत नाही आणि वाळवीला सुखासुखी वाट मिळत नाही. पण पन्हळीजवळच्या दोन कड्यांत पात्याचा निम्मा भाग आत गेला. जमिनीपासून कमरेइतकी भिंत दगडाची, त्यावर विटा. नि विटांच्या सांध्यांत चुना नव्हे, माती. तो म्हणाला, "कोरडी आहे तोवर ही माती शंभर वर्षं उभी राहील. भिजली की संपली."

याचा दाखला त्या भागाला कुणी द्यायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे भिजल्या मातीने खाली बसले. या वाड्याचाही मागला सोपा त्यात गेला. त्या जागी पुढे सिमेंटच्या दोन खोल्या उठल्या. चौकाभोवतीच्या जुन्या भिंतींनाही कुणीतरी हौसेने सिमेंटचा गिलावा दिला आहे. मला वाटत होते, तेवढाच भाग मजबूत. इंजिनियर म्हणाला, तोच काढायचा. मातीची भिंत ओल शोषते नि हवेत सोडते. चुन्याचा गिलावा तिला ते करू देतो, सिमेंटचा देत नाही. ओल आतच कोंडते आणि भिंत आतून कुजते, बाहेरून चकचकीत दिसते. माणसांतही असा प्रकार आढळतो. पण ते असो.

मी त्याच्यापुढे माझी यादी ठेवली: माडीवर न्हाणीघर, नवी फरशी, स्वयंपाकाचा ओटा, दिवे. त्याने ती उलटी करून परत दिली. आधी छप्पर; मंगलोरी कौले उतरवून, वासे बदलून, पुन्हा चढवायची. मग पन्हळी नि गटार, म्हणजे पाणी भिंतीपासून दूर. मग वीज, लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या तारा जिथून तिथून काढायच्या, कारण सागवानी घरात एक ठिणगी पुरते, आणि अर्थिंग तर कुठेच नाही. संडास नि न्हाणी तळमजल्यावर, मागल्या अंगाला, स्वतंत्र पायावर. कडीपाटावर आधीच मातीचा थर असतो. त्यावर फरशी, टाकी नि रोजचे पाणी आले तर एक दिवस न्हाणीघर खाली स्वयंपाकघरात उतरेल. रंग सर्वांत शेवटी, पैसे उरले तर. ते उरणार नव्हते. घराची जी किंमत, तिच्या निम्मा खर्च आणखी, असा त्याचा अंदाज होता.

वकिलांनी तिसरीच यादी दिली. मिळकत पत्रिकेवर नावे कुणाकुणाची, तीस वर्षांचा शोध, महापालिकेच्या आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा घरावरून जाते का, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. काका म्हणत होते, "बहिणींचा काही संबंध नाही, त्यांची लग्नं कधीच झाली." वकील नुसते हसले. वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला आहे. बहिणींच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र हाती आल्याशिवाय एक रुपयाही विसार द्यायचा नाही, असे त्यांनी मला बजावले. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी इमारतीचे वय विचारले आणि ते ऐकल्यावर कर्जाऐवजी हवेचा विषय काढला. उरला एकच मार्ग: राहता फ्लॅट विकायचा. म्हणजे परतीचा दोर कापायचा. त्यात मुलगी पुढच्या वर्षी बारावीला.

आणि भाडेकरू? "एकच आहे," काका म्हणाले होते. "मागच्या दोन खोल्यांत एक आजी. ऐंशी ओलांडलीये. फार दिवसांचा प्रश्न नाही."

वाचकहो, इथून पुढचे लिहिताना संकोच वाटतो. एका रात्री उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून मी हिशेबाची वही घेऊन बसलो. किंमत, मुद्रांक शुल्क, छप्पर, वीज, काम चालेल तोवर राहायच्या जागेचे भाडे. प्रत्येक बाबीपुढे रक्कम नि केव्हा लागेल ते लिहीत गेलो. सौ. मागे येऊन उभी राहिली आणि एका ओळीवर तिने बोट ठेवले.

"मागच्या दोन खोल्या, अभ्यासिका, तीन वर्षांनी. तीन वर्षांनी का?"

मी काही बोललो नाही. तिने थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली आणि दिवा मालवून झोपायला गेली. मुलांना निबंधात माणुसकी शिकवणारा मी, एका म्हातारीच्या मरणाची तारीख निळ्या शाईने वहीत घालून बसलो होतो. आणि ती अंदाजपत्रकात बसावी म्हणून दोनाची तीन केली होती.

त्यानंतर दोन महिने मी वाड्याचे नाव काढले नाही. काढले ते तिने. जुलैत पावसाची झड लागली होती. म्हणाली, "चला, वाडा पाहून येऊ. उन्हात सगळीच घरं चांगली दिसतात."

आम्ही चिखल तुडवीत गेलो. ओसरीवर आजी एक पातेले सरकवीत होत्या. त्यांच्या दोन खोल्यांतच नव्हे, तर साऱ्या रिकाम्या वाड्यात, जिथे जिथे गळत होते तिथे त्यांनी भांडी मांडून ठेवली होती. ऐंशीच्या पुढची बाई माडीचा जिना चढून दिवसातून दोनदा ती रिकामी करीत होती. "माडीवर पाणी साचलं की कडीपाट कुजतो हो," त्या म्हणाल्या. "मालकांना कळवलं होतं. ते तरी काय करणार?"

१९६० साली लग्न होऊन त्या या वाड्यात आल्या. पूर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढले होते ते त्यांनी काठीने दाखवले. कुठली कडी १९६१ नंतर बदलली, कुठले कौल माकडांनी फोडले, जुने गटार चौकात कुठून वळते, सगळे त्यांना पाठ. इंजिनियरला दोन दिवसांत जे सापडले नव्हते ते त्यांनी अर्ध्या तासात सांगितले. ज्या माणसाला मी घराची अडचण म्हणून वहीत मांडले होते, त्या माणसाने ते घर आजवर उभे ठेवले होते.

त्यांनी चहा टाकला. कप हातात देताना विचारले, "तुम्ही घेणार म्हणे वाडा. मला केव्हा निघावं लागेल?"

आवाजात तक्रार नव्हती. सामान बांधायला किती दिवस मिळतील, एवढेच त्यांना हवे होते. १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा त्यांच्या बाजूने आहे, घर विकले तरी भाडेकरू कायम राहतो, हे सांगायला मी तोंड उघडले, तेवढ्यात सौ. म्हणाली,

"आजी, तुम्हाला निघायचं काही कारण नाही. आधी तुमच्या खोल्यांवरची कौलं होतील आणि खोलीला लागून संडास होईल. पावसात चौक ओलांडायला नको."

बोळाच्या तोंडाशी आल्यावर मी हळूच विचारले, "म्हणजे आपण घेतोय?"

"मी आत काय बोलले ते ऐकलंत ना?"

"अगं, पण फ्लॅट, बारावी, पैसे?"

"बारावी होईपर्यंत फ्लॅट सोडायचा नाही. साठवलेल्या पैशातून विसार, आणि खरेदीखत पुढच्या उन्हाळ्यात. तोवर फक्त छप्पर. काका कबूल झाले तर घ्यायचं, नाही तर नाही. आणि अभ्यासिका तुम्ही माडीवर करा."

काका महिनाभर रुसले आणि मग कबूल झाले. बहिणींच्या सह्या झाल्या. दसऱ्याला विसार दिला. पाऊस सरल्यापासून मागच्या दोन खोल्यांवरची कौले उतरवायचे काम चालू आहे. शहाणपणा केला की मूर्खपणा, ते पुढच्या दिवाळी अंकापर्यंत कळेलच. हिशेबाच्या वहीतली ती ओळ मी खोडली, पण शाई अजून दिसते. दिसू दिली आहे.

विसाराच्या दिवशी आम्ही आजींना पेढे द्यायला गेलो. त्यांनी पेढा देवापुढे ठेवला, आशीर्वाद दिला आणि ट्रंकेतून दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा काढला. भाड्याच्या पावत्या. त्यांच्या यजमानांनी सुरू केलेला नि त्यांनी चालू ठेवलेला.

"खरेदी झाली की पुढच्या महिन्यापासून भाडं तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "पण पावती वेळेवर हवी हं. मालकाचं ते कामच आहे."

मी पावतीपुस्तक आणून ठेवले आहे.