काकूंचा बोलका काटा

दिवाळी जवळ आली की दर्पण कॉलनीत आमच्या शेजारच्या काकूंकडे चकली-चिवड्याच्या ऑर्डरी सुरू होतात. यंदा मात्र मोतीबिंदूमुळे त्यांना वजनकाट्यावरचे आकडे दिसेनात. "आता बंदच करते," म्हणाल्या. पैशांपेक्षा काम सुटण्याचं दुःख मोठं होतं.

काट्याच्या मागे बिलाच्या यंत्राला जोडायचं सीरियल पोर्ट होतं. माझी लेक म्हणाली, "आई, हा काटा मोबाईलशी बोलू शकेल."

एरवी मोबाईल संगणकाला जोडला की संगणक यजमान आणि मोबाईल पाहुणा. ओटीजी अडॅप्टर लावला की मोबाईलच यजमान होतो आणि जोडलेल्या केबलला वीजही पुरवतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०११ साली, ३.१ आवृत्तीत आली. काटा आणि अडॅप्टर यांच्यामध्ये यूएसबी-सीरियल केबल लागते. तिच्यात एक चिप असते. संगणकात त्या चिपचा ड्रायव्हर बहुधा आधीच असतो. मोबाईलमध्ये तो अॅपलाच सोबत आणावा लागतो. लेकीला त्यासाठी तयार, मोफत कोड मिळाला.

केबल जोडली, अॅपनं परवानगी मागितली, आम्ही दिली. पडद्यावर मात्र नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं! काटा ९६०० बॉडच्या वेगानं आकडे पाठवत होता आणि अॅप ११५२०० च्या वेगानं ऐकत होतं. (तारयंत्राचे फ्रेंच अभियंते बोदो यांच्या नावावरून हा 'बॉड'.) सीरियलमध्ये वेग दोन्हीकडे आधीच सारखा ठरवावा लागतो. काट्याच्या पुस्तिकेत तो दिलेला असतो. तो बदलताच आकडे स्वच्छ दिसले.

मग लेकीनं मोबाईलच्या मराठी आवाजात ते वाचायला लावले. काटा सेकंदाला अनेकदा आकडा पाठवतो, त्यामुळे मोबाईल अखंड बडबडू लागला. काकू हसल्या, "अगं, याला जरा दम धरायला सांग!" आता आकडा स्थिर झाला, तरच तो बोलतो.

काल काकूंनी पहिलं पाकीट भरलं. मोबाईल म्हणाला, "पाचशे ग्रॅम." काकूंनी वर आणखी एक चकली ठेवली.

"हे यंत्राचं माप झालं," म्हणाल्या, "आता माझं."