दोन गुडघे आणि बुडालेली मजुरी

धर्माबादच्या मिरची बाजारात उकिडवे बसून देठे खुडण्यात जिची पंचवीस-तीस वर्षे गेली, तिचे गुडघे साठीपूर्वीच जाब विचारू लागतात. दोन्ही सांधे निकामी झाल्यावर ते एकाच वेळी बदलावेत की काही महिन्यांच्या अंतराने, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा आहे असे आपण समजतो. माझ्या मते तो अर्धाअधिक अर्थशास्त्राचा आहे.

अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला. पंचाहत्तरीतल्या रुग्णाच्या बाबतीत हे अंतर शहाणपणाचेच होते. दोन्ही गुडघे एकदम केल्यास रक्तस्राव अधिक होतो, हृदयावर ताण पडतो, रक्ताची गुठळी फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. हृदयविकार असलेल्याने त्या वाटेला जाऊच नये. प्रकृती धडधाकट असेल तर एकच भूल आणि एकच मुक्काम ही सोय खरी आहे. ती मी नाकारीत नाही.

पण हिशेब नीट मांडला पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सरासरी दीड लाखांवर छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, कर वगळता, ५४,७२० रुपयांवर आला. तोवर मधल्या मध्ये किती नफा लाटला जात होता, ते या एका आकड्याने उघडे पडले. मात्र सांधे दोन लागणारच. एकदम बसवले म्हणून ते स्वस्त होत नाहीत. वाचते ते खाटेचे भाडे, नांदेड-हैदराबादच्या खेपा आणि मुख्यतः मजुरी. रुग्णाची तर बुडतेच, सोबत राहणाऱ्या लेकीची किंवा सुनेचीही बुडते. ती कोणत्याच बिलावर येत नाही, म्हणून कोणत्याच मर्यादेत बसत नाही. परिणामी ज्याच्यापाशी पैसा आहे तो अंतर ठेवून धोका टाळतो आणि मजूर खर्च टाळण्यासाठी धोका पत्करतो. याला ‘रुग्णाची निवड’ म्हणणे ही थट्टाच होय.

विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याच्या सोबत्याला बुडीत मजुरी मिळावी आणि नंतरचे व्यायामोपचार धर्माबादच्या ग्रामीण रुग्णालयातच नियमित मिळावेत, एवढे तरी साथींनी पुढच्या निवेदनात घालावे. आणि मिरची खुडणाऱ्या बायकांना बसायला उंच पाट मागायचे विसरू नये; व्यापाऱ्यांना तो परवडणारच नाही असे निदान मला तरी कोणी सांगू नये.