कीर्ती लहान, काम महान!

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो हे नाशिककरांना सांगायला नको. २००३, २०१५ आणि आता २०२७. कॉलेजच्या वेबसाइट्सचाही असाच एक सिंहस्थ असतो, तो नॅकची समिती येणार असली की भरतो. मग धावपळ, रंगरंगोटी, पहिल्या पानावर फिरणारे फोटो! समिती गेली की पुन्हा सामसूम. फॉर्मची मुदत संपून महिना झाला तरी जुनी नोटीस 'नवीन' म्हणून लुकलुकत असते, आणि खरी नोटीस न दिसल्यामुळे लेट फी भरतो तो होस्टेलवरचा पोरगा.

यावर आपला ठरलेला इलाज म्हणजे 'नवी साइट बनवूया'. फायनल इयरचा एखादा ग्रुप ती प्रोजेक्ट म्हणून घेतो, व्हायव्हा होते, मंडळी पुण्याला नोकरीला लागतात आणि त्यांचा कोड मागे कुणालाच उलगडत नाही. गरज सरो, वैद्य मरो! माझं म्हणणं एवढंच, की साइट बनवण्यापेक्षा ती जगवणं जास्त महत्त्वाचं आहे. त्यासाठी ड्रुपलसारखी ओपन सोर्स सिस्टीम आणि तिची चार-पाच मॉड्यूल्स पुरतात. तीही ज्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही अशी.

ड्रुपलच का? कारण ते मुळात होस्टेलवाल्यांचंच अपत्य. २००० साली बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठात ड्रीस बॉयटार्ट आणि त्याच्या मित्रांनी एकच एडीएसएल कनेक्शन आठ जणांत वाटून घेतलं. नेटवर्क चालू आहे का, रात्री जेवायला कुठे जमायचं, हे कळवायला ड्रीसने एक छोटा फलक लिहिला. त्याचंच पुढे जानेवारी २००१ मध्ये ड्रुपल झालं. आपल्याकडेही ते नवखं नाही. केंद्र सरकारचं मायगव्ह त्यावर उभं राहिलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये 'ड्रुपलकॉन एशिया' भरलं ते आयआयटी मुंबईच्या आवारात.

आता मॉड्यूल्सकडे वळू.

शेड्यूलर : नोटीस टाकतानाच ती कधी दिसावी आणि कधी उतरावी, ही तारीख-वेळ द्यायची. मुदत संपली की नोटीस आपोआप खाली. फक्त सर्व्हरवर क्रॉन नियमित चालायला हवा, नाहीतर शेड्यूलर बिचारा काय करणार?

लिंक चेकर : साइटवरच्या लिंक्स अधूनमधून तपासून कुठल्या मेल्या त्याची यादी देतो. विद्यापीठाने परिपत्रकाची जागा बदलली की आपली लिंक तुटते, आणि ते आपल्याला कळतं तक्रार आल्यावर!

डिफ : एखाद्या पानाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून काय बदललं ते दाखवतो. वेळापत्रकातली तारीख कुणी, कधी बदलली यावरून ऑफिसात होणारे वाद दोन मिनिटांत मिटतात.

हनीपॉट : फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवतो. स्पॅम टाकणारा प्रोग्रॅम तो भरतो आणि पकडला जातो. वेड्यावाकड्या अक्षरांचं कोडं सोडवायची पालकांना गरज नाही.

स्टेज फाइल प्रॉक्सी : हे खास होस्टेलवाल्यांसाठी. साइटची प्रत आपल्या लॅपटॉपवर घेताना सगळे फोटो उतरवायची गरज नाही. जो लागेल तोच मूळ साइटवरून आणला जातो. होस्टेलचं नेट ज्याने वापरलंय त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

जोडीला 'बॅकअप अँड माइग्रेट' आहेच. मात्र बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्यातला तो प्रकार!

पण म्हणून दिसेल ते मॉड्यूल घालत सुटू नये. प्रत्येक मॉड्यूल म्हणजे सांभाळायचा जादा कोड. घेण्याआधी तीन गोष्टी बघा : शेवटची आवृत्ती कधी आली, किती साइट्स वापरतात, आणि ड्रुपलच्या सुरक्षा गटाचं त्यावर लक्ष आहे का. ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. त्याच्या पुढे न सरकलेल्या मॉड्यूल्सवर विसंबलेल्यांची पंचाईत झाली. अपडेटचा आळसही नको. ऑक्टोबर २०१४ मध्ये खुद्द ड्रुपलमध्येच मोठी फट सापडली, तेव्हा सात तासांत दुरुस्ती न केलेली साइट फुटली असंच समजा, असं सुरक्षा गटाने सांगितलं होतं. सात तास म्हणजे आपली एक झोप!

काही मित्र म्हणतील, सगळं आयतं घेतलं तर आम्ही शिकणार काय? अहो, भरपूर! दुसऱ्याचा पीएचपी कोड वाचा, चूक सापडली तर कळवा, दुरुस्त करून पाठवा, मराठी भाषांतराला हात लावा. नोकरीत पहिल्या दिवशी कोरा कागद मिळत नाही, दुसऱ्याचाच कोड पुढ्यात येतो.

सर-मॅडमनाही एक विनंती. 'नवीन साइट' याच्याइतकेच मार्क 'जुनी साइट वर्षभर नीट चालवली' या प्रोजेक्टलाही द्या. आणि जाणाऱ्या बॅचने पुढच्या बॅचला पासवर्डसोबत दोन पानं माहिती लिहून दिल्याशिवाय सही करू नका.

बघा पटतंय का!