एका चिठ्ठीचा ताळा

कीर्द आणि खतावणी तंतोतंत जुळली, तरी मूळ पावतीच बनावट असेल तर हिशेब खोटाच राहतो. प्राणिशास्त्रालाही हा नियम लागू पडतो. त्याचे बोलके उदाहरण खानदेशातील आहे.

रानपिंगळा हे लहानसे घुबड. आज छत्तीसगडमध्ये मोडणाऱ्या प्रदेशात एफ. आर. ब्लेविट यांना १८७२ मध्ये त्याचा पहिला नमुना मिळाला. पुढील वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जातीला ‘ब्लेविटी’ हे नाव दिले. शास्त्रीय नावाला संग्रहालयात जपलेल्या प्रत्यक्ष नमुन्याचा आधार असतो. तो कोणी, कोठे व केव्हा मिळवला हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे त्याची पावतीच.

१८८४ नंतर हा पक्षी दिसेनासा झाला. नोंद एकच उरली: गुजरातेतील मांडवी येथे १९१४ मध्ये नमुना मिळाल्याचा रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा दावा. नावाचा दबदबा मोठा, त्यामुळे ती नोंद ग्रंथांत चढली. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांचे शोधही निष्फळ ठरले.

पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी चिठ्ठीवर न विसंबता नमुनाच तपासला. तो उसवून पुन्हा भरलेला होता. मूळ नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला. ब्रिटिश संग्रहालयातून तो लांबवून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती.

खोटी नोंद वजा होताच शोधाची दिशा बदलली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी जुनी खरी ठिकाणे धुंडाळली. आधी पूर्वेकडे हाती काही लागले नाही. मात्र २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे मेळघाट आणि तानसा येथेही तो आढळला.

नेहमीच्या पिंगळ्याशी त्याचे साम्य असल्याने आजही प्रत्येक नोंद पारखावी लागते. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके अगदी थोडे असतात. कोणते रान राखायचे, हे अशाच नोंदींवर ठरते. नोंद राहून गेली तर ती पुढे भरता येते. खोटी नोंद मात्र शोधणाऱ्याला वर्षानुवर्षे भलत्याच रानात फिरवते.